कामावर हात गेला तर पगार कोण देणार? १८८४ मध्ये हा प्रश्न विचारणारे नारायण मेघाजी लोखंडे

मांजरीत किंवा हडपसरमध्ये राहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतो. कुणाचा हात प्रेस मशिनमध्ये चेंगरलेला असतो. कुणाला रंगाच्या बूथमध्ये काम करून दम लागायला लागलेला असतो. कुणाला कंपनीनं फिटनेस सर्टिफिकेट आणायला सांगितलेलं असतं. विचारणा एकच असते, आपल्या भागात कामाच्या आजारांचा डॉक्टर कुठं आहे?

खाली दहा उत्तरं येतात. हाडांचा डॉक्टर, छातीचा डॉक्टर, कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर. पण कामामुळं होणारे आजार ही वैद्यकशास्त्राची वेगळी शाखा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला उपचार आणि पगार मिळणं हा त्याचा हक्क आहे, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत असतं.

हा हक्क आपल्याकडं पहिल्यांदा जाहीर सभेत मागितला गेला तो मुंबईच्या परळमध्ये, १८८४ साली. मागणारा माणूस डॉक्टर नव्हता, वकील नव्हता. तो गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला पुणे जिल्ह्यातला एक माणूस होता. नाव, नारायण मेघाजी लोखंडे.

रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस म्हणून लोखंडेंचं नाव दरवर्षी १० जूनला सोशल मीडियावर फिरतं. पण त्यांच्या मागण्यांच्या यादीत सुट्टीच्या खाली आणखी एक ओळ होती. ती ओळ आज मांजरीच्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या माणसाच्या थेट कामाची आहे.

कनेरसरचे लोखंडे

लोखंडेंचं मूळ गाव कनेरसर. पुणे जिल्ह्यातल्या खेड, म्हणजे आजच्या राजगुरुनगर तालुक्यातलं हे गाव. घराणं फुलमाळी. पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्याला आलं आणि तिथंच १८४८ साली नारायणचा जन्म झाला.

१८४८ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. या दोन घरांच्या वाटा पुढं एकमेकांना मिळणार होत्या.

नारायणरावांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालं. त्या काळात बहुजन घरातल्या मुलासाठी ही मोठीच मजल होती. इंग्रजी येत असल्यामुळं नोकरी मिळाली. आधी रेल्वेत, मग पोस्टात. त्यानंतर ते मुंबईतल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

स्टोअरकीपर म्हणजे गिरणीच्या कोठारावरचा माणूस. सुटे भाग, तेल, पट्टे, दोरे, सगळ्याचा हिशोब त्याच्याकडं. तो मालक नसतो आणि मागावरचा कामगारही नसतो. पण गिरणीत दिवसभर काय चालतं, ते त्याच्या डोळ्यांसमोरच घडत असतं.

लोखंडेंनी जे पाहिलं, त्यामुळं त्यांचं पुढचं आयुष्य बदललं.

गिरणीत नेमकं काय व्हायचं?

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची रांगच उभी राहिली. कोकण, सातारा, पुणे या भागांतून माणसं मुंबईकडं यायला लागली. गावाकडं पाऊस दगा द्यायचा, सावकार दाराशी असायचा, म्हणून गिरणी.

तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळं कामाचं घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडलं की भोंगा आणि अंधारलं की सुट्टी. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. बारा-तेरा तास उभ्यानं काम व्हायचं. दुपारच्या जेवणाला ठरलेली सुट्टी नसायची. चालत्या मशिनजवळच भाकरीचा घास घेतला जायचा.

सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी होती. गिरणी कामगाराला मात्र तशी हक्काची सुट्टी नव्हती. एखाद्या दिवशी गिरणी बंद असली, तरी मशिनं पुसायला, साफ करायला कामगारांना बोलावलं जायचं.

आता यात डॉक्टरांचा संबंध कुठं येतो?

कापूस पिंजताना हवेत बारीक तंतू आणि धूळ उडते. ती वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, दम लागतो. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सूत तुटू नये म्हणून विणाई खात्यात हवा मुद्दाम दमट आणि गरम ठेवली जायची. शेकडो मागांच्या खडखडाटानं हळूहळू कानांनी ऐकू येणं कमी व्हायचं. आणि मशिनच्या उघड्या पट्ट्यात धोतराचं टोक, पदर किंवा बोटं अडकली तर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

ज्याचा हात गेला त्याची नोकरीही गेली. तो गावी परतायचा आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा राहायचा. तो जखमी झाला याची नोंद ठेवण्याचं कारण मालकाला नव्हतं.

मांजरीचे शेतकरी जोतीराव आणि मुंबईचे लोखंडे

या गोष्टीत मांजरी कुठून आली, असं वाटत असेल तर थोडं मागं जाऊ.

जोतीराव फुल्यांची मांजरीला शेती होती. १८८२ साली शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं निवेदन देताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशीही करून दिली होती. शेतीच्या जोडीला ते सरकारी कामांची कंत्राटं घ्यायचे. पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं. कात्रजच्या बोगद्यासाठी मजूर पुरवण्याचं कामही त्यांच्याकडं होतं. दगड फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसांचे हाल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. समाजाचं काम मुंबईत पोहोचलं, तेव्हा लोखंडे त्यात आले आणि शेवटपर्यंत सत्यशोधक राहिले.

समाजाचे एक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात दीनबंधू नावाचं साप्ताहिक काढलं होतं. पैशाअभावी ते चालवणं जड गेलं. १८८० मध्ये लोखंडेंनी ते मुंबईत आणलं आणि संपादक झाले. शेतकरी आणि कामगारांचं म्हणणं छापणारं हे पत्र त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.

पुढं त्यांनी नोकरीही सोडली. महिन्याचा बांधलेला पगार सोडून तोट्यातलं साप्ताहिक चालवायचं, हा निर्णय आज वाचायला सोपा वाटतो. घर चालवणाऱ्याला विचारा.

फुले आणि लोखंडे यांचं सगळं एकमतानं चाललं, असंही नाही. फुल्यांचा शेतकऱ्याचा असूड दीनबंधूत छापायला सुरुवात झाली. पण मजकूर सरकारवर आणि भटशाहीवर इतका कडक होता की, पहिली दोन प्रकरणं छापल्यावर लोखंडेंनी पुढचं छापणं थांबवलं. फुले चिडले आणि त्यांनी आपली नाराजी लिहूनही ठेवली. लोखंडे सावध माणूस होते. मालक आणि सरकार यांच्याशी बोलण्याचा दरवाजा उघडा ठेवून काम करण्याची त्यांची रीत होती. काहींना ते भित्रेपण वाटलं. पण पुढच्या दहा वर्षांत जे पदरात पडलं, त्यात या रीतीचाही वाटा आहे.

कायदा आला, पण कुणासाठी?

गिरणीतल्या कामावर कायद्याचं बंधन असावं, अशी चर्चा १८७५ पासून सुरू झाली होती. सरकारनं मुंबईत एक आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी कामगारांच्या बाजूनं कायद्याचा मसुदाही तयार केला.

यात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांचा स्वार्थही होता. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात सूत काढत असल्यामुळं त्यांचा धंदा बसत होता. हिंदुस्थानात कामाचे तास कमी झाले तर त्यांना हवंच होतं. म्हणून आपल्याकडच्या अनेक पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. हा मँचेस्टरचा डाव आहे, देशी उद्योग मारायचा बेत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते अगदीच खोटं नव्हतं. पण या वादात एका माणसाला कुणीच विचारलं नव्हतं, तो म्हणजे मागावर उभा असलेला कामगार.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. धोकादायक मशिनांना कुंपण घालायचं. कायदा लागू होता तो शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना.

सात वर्षांच्या मुलाकडून नऊ तास काम, आणि ही सुधारणा होती! मोठ्या माणसांच्या तासांबद्दल तर कायद्यात एक अक्षर नव्हतं. बायकांबद्दल नव्हतं. जखमी झालेल्याच्या भरपाईबद्दलही नव्हतं.

परळची सभा आणि पाच मागण्या

१८८४ मध्ये मुंबई सरकारनं कायद्यात सुधारणा करायच्या का, हे ठरवण्यासाठी पुन्हा एक आयोग नेमला. लोखंडेंनी ठरवलं की, यावेळी कामगारांचं म्हणणं कामगारांच्याच सह्यांनी जायला हवं.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. मागण्यांचा अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे दिले. मागण्या पाच होत्या.

पहिली, दर रविवारी सगळ्यांना सुट्टी.

दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती.

तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.

चौथी, आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा.

आणि पाचवी, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

पाचवी मागणी पुन्हा वाचा. आजच्या भाषेत सांगायचं तर ही कामावरच्या इजेची भरपाई आणि अपंगत्वाचं पेन्शन झालं. जगाच्या दृष्टीनंही ही मागणी मागासलेली नव्हती. जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला, तो त्याच १८८४ साली.

या लढ्यातून बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली. मराठीत तिला मुंबई गिरणी कामगार संघ म्हणतात. ही हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना मानली जाते. खरं सांगायचं तर आजच्या अर्थानं ती युनियन नव्हती. तिच्याकडं सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लिखित घटना नव्हती. लोखंडे अध्यक्ष होते, दीनबंधूचं कार्यालय हेच तिचं कार्यालय आणि कामगारांचा विश्वास हेच तिचं भांडवल.

अर्ज गेला आणि कागदांखाली दबला. पाच वर्षं काही झालं नाही.

१० जून १८९०

लोखंडे थांबले नाहीत. १८८९ मध्ये पुन्हा अर्ज झाला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा भरली. या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. ज्या काळात घरंदाज म्हणवणाऱ्या बायका चारचौघांत येत नव्हत्या, त्या काळात गिरणीतल्या बायकांनी हजारो माणसांपुढं उभं राहून आपलं गाऱ्हाणं मांडलं.

रविवारच का, याचंही उत्तर लोखंडेंकडं होतं असं सांगतात. रविवार हा खंडोबाचा वार. आठवड्याचे सहा दिवस आपण पोटासाठी राबतो, तर एक दिवस देवासाठी आणि समाजासाठी मिळायला हवा. जेजुरीला जाणाऱ्या कामगाराला हे वेगळं समजावण्याची गरज नव्हती.

१० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी सरकारनं नवा फॅक्टरी लेबर आयोग नेमला आणि मुंबईतल्या चौकशीसाठी लोखंडेंना सहभागी करून घेतलं. ज्याचे अर्ज कागदांखाली दबत होते, तोच माणूस आता कामगारांच्या साक्षी ऐकायला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता.

या आयोगानंतर १८९१ चा फॅक्टरी कायदा आला. मुलांचं किमान वय सातवरून नऊ झालं. नऊ ते चौदा वयाच्या मुलांना दिवसाला सात तासांची मर्यादा आली. बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. दुपारची अर्धा तास सुट्टी आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. कायदा आता पन्नास कामगारांच्या कारखान्यांनाही लागू झाला.

पाचपैकी सुट्टीच्या दोन मागण्या कायद्यात आल्या. पाचवी मात्र आली नाही. जखमी कामगाराचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न तिथंच राहिला.

सोमवारचा आजार

इथं वैद्यकशास्त्रातली एक गोष्ट सांगायला हवी.

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची एक खूण आहे. सुरुवातीच्या काळात त्याचा त्रास रोज सारखा नसतो. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि पुढच्या दिवसांत त्रास कमी होत जातो. म्हणजे रविवारी सुट्टी असेल तर सोमवारी.

सुट्टीच नसेल, तर ही खूण दिसणार कशी?

लोखंडेंच्या मनात हे असण्याचं कारण नाही. त्यांना कामगारांना विश्रांती द्यायची होती. पण कामाचा आजार ओळखायचा, तर काम आणि विश्रांती यांच्यातला फरक दिसावा लागतो. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, कामावर गेलं की पुन्हा त्रास होतो का, हा या शाखेतल्या डॉक्टरचा आजही पहिला प्रश्न असतो.

या शाखेचा पाया घालणारे इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी डॉक्टरांना एक साधी सूचना केली. रुग्णाला इतर सगळं विचारता तसं, तो काय काम करतो हेही विचारा. तीनशे वर्षं झाली तरी गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न राहूनच जातो.

दंगल, रावबहादूर आणि प्लेग

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. गिरणगावही पेटलं. लोखंडे दोन्ही समाजांतल्या लोकांना एकत्र आणण्यासाठी वस्त्यांमधून फिरले आणि सलोख्यासाठी मोठी सभा घेतली. १८९५ मध्ये सरकारनं त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.



सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी एक रोग ओळखला. तो प्लेग होता. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची कोठारं, दाट वस्ती आणि उंदीर. काही आठवड्यांत रोग शहरभर पसरला. लोक गावाकडं पळाले, गिरण्या ओस पडल्या. ज्यांना पळणं परवडत नव्हतं, ते चाळींमध्ये राहिले.

सरकारी दवाखान्यांची लोकांना धास्ती होती. तिथं गेलेला परत येत नाही, अशी समजूत होती. त्यामुळं लोक आजारी माणसाला लपवून ठेवत. अशा वेळी आपल्या माणसांनी चालवलेला दवाखाना हवा होता. लोखंडेंनी मुंबईत प्लेगच्या रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल सुरू केलं. स्वतः रुग्णांमध्ये वावरले.

त्याच दिवसांत मुंबईत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण लस लोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागणार होता आणि लोखंडेंकडं तेवढा वेळ नव्हता.

रुग्णांची सेवा करताना त्यांना प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नासही नव्हतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा मृत्यू कामावर झालेल्या संसर्गानं झाला. कामावरच्या इजेची भरपाई मागणारा माणूस कामाच्याच आजारानं गेला.

आणि एका महिन्यानं, मांजरीच्या शेजारी

प्लेग पुण्यातही आला होता. सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र यशवंत डॉक्टर होते. त्यांनी हडपसरच्या ससाणे मळ्यात, मोकळ्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्यातला एक मुलगा आजारी आहे असं कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला स्वतः उचलून दवाखान्यात आणलं. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मुंढवा, हडपसर, मांजरी. नकाशावर पाहिलं तर ही तिन्ही ठिकाणं एकमेकांना लागून आहेत. एकेकाळी ज्या मांजरीत फुल्यांची शेती होती, तिथं आज द्राक्षांवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे आणि लस बनवणारा उद्योगही आहे. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. आजूबाजूला कारखाने, गोदामं, बांधकामं. काम करणारे हजारो हात.

पाचव्या मागणीचं पुढं काय झालं?

लोखंडेंनी १८८४ मध्ये मागितलेली भरपाई कायद्यात यायला १९२३ साल उजाडलं. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. अर्ज ते कायदा, मध्ये ३९ वर्षं.

१९४८ मध्ये दोन मोठे कायदे झाले. फॅक्टरी कायद्यानं कारखान्यातल्या आरोग्याचे नियम घातले, कामाशी संबंधित आजारांची यादी दिली आणि त्या यादीतला आजार आढळला तर डॉक्टरनं सरकारला कळवायचं बंधन घातलं. राज्य कामगार विमा कायद्यानं ईएसआय योजना आणली. ती १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आता हे सगळे कायदे नव्या श्रम संहितांमध्ये आले आहेत, पण मूळ तत्त्व तेच आहे.

मग मांजरीच्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्यानं काय करायचं?

पगार महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये असेल, तर आपलं ईएसआय कार्ड आधी शोधा. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडला ईएसआयची रुग्णालयं आहेत. कामावर इजा झाली आणि काही दिवस काम करता आलं नाही, तर या योजनेत रोजच्या वेतनाच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शनसारखा लाभ मिळतो. यादीतला कामाचा आजारही इजेसारखाच धरला जातो. हीच ती पाचवी मागणी.

कामाच्या आजारांचा डॉक्टर शोधताना पाटीवर एएफआयएच हे शब्द दिसतात का पाहा. एमबीबीएसनंतर औद्योगिक आरोग्याचा केलेला हा कोर्स आहे. असे डॉक्टर बहुतेक मोठ्या कारखान्यांत नोकरीला किंवा भेटीवर असतात. त्यामुळं क्लिनिकच्या रांगेत ते सहज सापडत नाहीत. कंपनीत डॉक्टर येतो का, कोणत्या दिवशी येतो, हे एचआरला विचारणं हा जवळचा रस्ता असतो.

असा डॉक्टर मिळाला नाही, तर जवळच्या चांगल्या डॉक्टरकडं जा, पण माहिती घेऊन जा. किती वर्षं कोणतं काम करता, कोणत्या केमिकलजवळ काम करता, डब्यावरचं नाव काय, त्रास कधी सुरू झाला, सुट्टीत कमी होतो का, बरोबरच्या आणखी कुणाला होतो का. डब्याचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. डॉक्टरनं काम विचारलं नाही, तर आपण होऊन सांगा.

अपघात झाला असेल तर त्याची नोंद कारखान्याच्या रजिस्टरमध्ये झाली का, हे त्याच दिवशी बघा. केसपेपरवर इजा कामावर झाली असं लिहून घ्या. घरी पडलो असं सांगायला कुणी सुचवलं, तर त्या एका वाक्यानं पुढचा सगळा हक्क जाऊ शकतो, हे लक्षात ठेवा. कारखान्यात सुरक्षेचे नियम पाळले जात नसतील, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय या सरकारी कार्यालयाकडं तक्रार करता येते.

आणि जे ईएसआयमध्ये नाहीत, ठेकेदाराकडं रोजावर आहेत, त्यांच्यासाठी भरपाईचा हक्क वेगळ्या तरतुदींखाली आहे. पण ठेकेदाराच्या वहीत नाव नसेल तर तो सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून हजेरीचा, पगाराचा काहीतरी पुरावा जपून ठेवा. १८८४ मध्ये लोखंडेंनी साडेपाच हजार सह्या आणि अंगठे गोळा केले, कारण कागदावर नसलेल्या कामगाराचं कुणी ऐकत नाही, हे त्या स्टोअरकीपरला नीट ठाऊक होतं.

२००५ मध्ये लोखंडेंच्या नावानं टपाल तिकीट निघालं. परळमध्ये कामगारांविषयीचं शिक्षण देणारी राज्य सरकारची संस्था त्यांच्या नावानं चालते. जिथं त्यांनी सभा घेतली, त्याच परळमध्ये.

रविवारची सुट्टी आपल्याला मिळाली, ती आपण वापरतो. पाचवी मागणीही मिळाली आहे. ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी कामाच्या आजाराचा डॉक्टर विचारला, तर डॉक्टरच्या नंबरसोबत हेही सांगा.